माझंही की माझंच? स्वार्थ आणि नीती : वऱ्हाडातून एक आढावा

बीटी कपाशीच्या पाकिटात बरीच वर्षं दोन पुड्या येत असत. थोरली 450 ग्रॅमची, बीटी सरकीची. धाकटी 120 ग्रॅमची, साध्या सरकीची. नियम असा की ही साधी कपाशी वावराच्या चहूबाजूंनी पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के, यांत जे जास्त भरेल तेवढी लावायची. अमरावती-अकोल्याकडच्या कोणत्याही कास्तकाराला विचारा, त्या धाकट्या पुडीचं काय केलं म्हणून. कुणी नांग्या भरायला वापरली, कुणी धुऱ्यावर फेकली, कुणाच्या घरी ती कोनाड्यात पडून राहिली. नियमाप्रमाणे लावणारे शोधूनच काढावे लागतील.

पुडीमागचा हिशेब सरळ होता. बीटीचं बोंड खाऊनही जगणाऱ्या चिवट अळ्या सुरुवातीला अगदी थोड्या असतात. त्यांच्या पतंगांना साध्या कपाशीवर वाढलेले जोडीदार मिळाले, की पुढची पिलावळ बहुतेक बीटीला बळी पडते. चिवटाला चिवटच भेटू लागला की खेळ संपला. म्हणून थोडी कपाशी अळीला मुद्दाम खाऊ घालायची. 2002 मध्ये बीटी आली, 2006 मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. पहिल्या आवृत्तीला गुजरातेतली गुलाबी बोंडअळी दाद देत नाही हे 2010 मध्ये ती आणणाऱ्या कंपनीनंच मान्य केलं. 2017 च्या हंगामात विदर्भात बोंडं फोडून पाहावीत तर आत गुलाबी अळी, असं गावोगाव झालं.

आता कास्तकाराच्या बाजूनं बघा. वावर पाच एकर. त्यातलं एक एकर अळीसाठी सोडायचं. नुकसान माझं एकट्याचं, आणि होणार हे नक्की. फायदा साऱ्या शिवाराचा, काही वर्षांनी होणारा, तोही सगळ्यांनी लावलं तर. माझ्या एकट्याच्या पाच ओळींनी अळी थांबणार नाही आणि माझ्या एकट्याच्या न लावण्यानं ती येणारही नाही. मग न लावणारा चुकला कुठे? नीतिशास्त्रात एक जुनं, बदनाम आणि तरीही पुन्हा पुन्हा डोकं वर काढणारं मत आहे. ते म्हणतं, चुकला नाही, उलट त्यानं करायला हवं होतं तेच केलं. प्रत्येकानं ज्यात आपलं अंतिम हित आहे तेच करावं, तेच त्याचं कर्तव्य. या मताला आपण स्वार्थवाद म्हणू.

त्याच्या सावत्र भावाशी मात्र त्याची गल्लत करू नये. माणूस स्वार्थाशिवाय दुसरं काही करूच शकत नाही, असं म्हणणारा एक पक्ष आहे. तो मानवी स्वभावाबद्दल बोलतो. स्वार्थवाद कर्तव्याबद्दल बोलतो. पारावरच्या गप्पांत दोन्ही एका दमात येतात. ‘सगळे स्वार्थीच असतात’ हे वाक्य निरीक्षणासारखं सुरू होतं आणि ‘मग मी का नसावं’ या परवानगीवर संपतं. माणूस दुसरं काही करूच शकत नसेल तर त्यानं ते करावं असा उपदेश देण्यात अर्थ उरत नाही, एवढंही कुणी लक्षात घेत नाही.

माणूस स्वार्थाशिवाय काही करूच शकत नाही म्हणणाऱ्या पक्षाचा निकाल लावायला वऱ्हाडाइतकी सोयीची जागा नाही, कारण इथं गाडगेबाबा होऊन गेले. 1876 मध्ये शेंडगावला जन्म, 1956 मध्ये अमरावतीजवळ देहावसान. गावात शिरायचं, आधी खराट्यानं गाव झाडायचं, मग भाकरी मागायची. लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या आणि त्या धर्मशाळांचा आधार स्वतःच्या घरच्यांना मिळू दिला नाही. पारावरचा शहाणा यावर म्हणेल, ‘त्यात त्यांना समाधान मिळत होतं ना? झाला स्वार्थ.’ इंग्लंडातल्या जोसेफ बटलर या पाद्र्यानं 1726 मध्ये छापलेल्या प्रवचनांत याला उत्तर देऊन ठेवलं आहे. समाधान मिळतं ते आधी दुसऱ्याच्या भल्याची ओढ असते म्हणून. ज्याला गाव घाण राहिलं काय नि स्वच्छ झालं काय सारखंच, त्याला झाडून कसलं समाधान मिळणार? समाधान ही त्या ओढीच्या मागून येणारी गोष्ट आहे, ओढीचं कारण नव्हे.

बटलरचा दुसरा मुद्दा मला जास्त आवडतो. माणसं आपलं हितसुद्धा फारसं बघत नाहीत, असं तो दाखवतो. राग, सूड, ईर्षा यांच्या भरात स्वतःचं वाटोळं करून घेतात. वऱ्हाडात याला पुरावा मागायला नको. हातभर धुऱ्यासाठी अख्खं वावर कोर्टात घालवणारे भाऊबंद प्रत्येक तालुक्यात आहेत. भर्तृहरीनं नीतिशतकात माणसांची प्रतवारी लावली आहे : स्वतःचं सोडून दुसऱ्याचं करणारे सज्जन, आपलं सांभाळून दुसऱ्याचं करणारे सामान्य, आपल्यासाठी दुसऱ्याचं बुडवणारे राक्षस. आणि चौथे, स्वतःचा काडीचा फायदा नसताना दुसऱ्याचं बुडवणारे. यांना काय म्हणावं ते कळत नाही, म्हणून त्यानं हात टेकले. या चौथ्या वर्गापुढे धुतला-पुसला स्वार्थवादी बरा म्हणायचा. तो निदान फुकटचं वैर करणार नाही.

स्वार्थवादाच्या बाजूनं काय म्हणता येतं, हे नीट मांडल्याशिवाय त्याला खोडणं हा लबाडीचा धंदा आहे. आपल्याकडे चार्वाकाच्या बाबतीत तो झाला. त्याची पुस्तकं उरली नाहीत, उरली ती विरोधकांनी सांगितलेली थट्टा, कर्ज काढून तूप पिणाऱ्याची. पश्चिमेकडे गोष्ट सुरू होते ती प्लेटोनं सांगितलेल्या गायजीसच्या अंगठीपासून. अंगठी फिरवली की माणूस अदृश्य होतो. अशी अंगठी हाती आली तर न्यायानं कोण वागेल, हा तिथला सवाल. हॉब्जनं 1651 मध्ये ‘लेव्हायथन’मध्ये त्यावर तोडगा काढला. प्रत्येकजण स्वतःचंच बघणार हे धरून चाला, मग सगळ्यांना धाक बसेल असा सत्ताधीश नेमणंच प्रत्येकाच्या हिताचं ठरतं. मँडेव्हिलनं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मधमाश्यांची रूपककथा लिहून सांगितलं की खाजगी दुर्गुणांवरच समाजाची भरभराट चालते. ॲडम स्मिथ 1776 मध्ये म्हणाला की जेवण आपल्याला मिळतं ते खाटीक आणि बेकरीवाल्याच्या दयेवर नव्हे, त्यांना स्वतःचं हित कळतं म्हणून. स्मिथनंच 1759 मध्ये सहानुभूतीवर एक थोरला ग्रंथ लिहिला होता. तो वाचणारे कमी आणि खाटकाचं वाक्य फेकणारे जास्त. विसाव्या शतकात आयन रँड आली. तिच्या 1964 च्या पुस्तकाच्या नावातच स्वार्थाला सद्गुण म्हटलं आहे. परार्थाची नीती माणसाला बळीचा बकरा बनवते, हे तिचं म्हणणं. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षात रँडचा ताप यावा आणि नोकरीच्या दुसऱ्या वर्षात तो उतरावा, असा आपल्याकडचा सर्वसाधारण क्रम आहे. तिचा मूळ प्रश्न मात्र तापाबरोबर जात नाही.

मराठीत हा वाद ज्यांनी गंभीरपणे आणला, त्यांतल्या एकाची घडण अकोल्यात झाली. गोपाळ गणेश आगरकर 1856 मध्ये कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. शिक्षणासाठी वणवण करत ते अकोल्याला नातेवाइकांकडे आले. तिथल्या शाळेत विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे शिक्षक भेटले, ‘वऱ्हाड समाचार’मध्ये लिहायला मिळालं, आणि 1875 मध्ये मॅट्रिक होऊन ते पुण्याला गेले. मिल, स्पेन्सर वाचून बाहेर पडलेला हा तरुण देवाच्या भीतीवर उभी असलेली नीती नाकारत होता. नीतीचा आधार माणसाचं सुख, आणि ‘माणूस’ म्हणजे सगळी माणसं, हा त्याचा आग्रह. एम.ए. होताना त्यांनी आईला लिहिलेलं पत्र सर्वांना माहीत आहे : मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरत्या पैशावर समाधान मानून बाकीचा वेळ लोकांसाठी घालवणार आहे.

या माणसावर दहा वर्षांतच प्रसंग आला. टिळक आणि इतर सहकाऱ्यांबरोबर उभारलेल्या संस्था : 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज. संस्था वाढली, तसा आजीव सभासदांच्या पगाराचा आणि बाहेरच्या कमाईचा वाद पेटला. टिळकांचं म्हणणं, आपण जेझुइट पाद्र्यांसारखं व्रत घेतलं आहे. सगळ्यांना सारखं, पोटापुरतं वेतन, आणि सारा वेळ संस्थेचा. आगरकरांचं म्हणणं, माणसाला बायकामुलं आहेत, संसार वाढतो, गरज ओळखून वेतन वाढावं आणि फावल्या वेळात कुणी दोन पैसे मिळवले तर ते पाप नव्हे. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतल्यावर वाद टोकाला गेला आणि 1890 च्या डिसेंबरात टिळकांनी राजीनामा दिला.

या भांडणात स्वभावदोष, मानापमान सगळं होतं, ते चरित्रकारांवर सोडू. पण आईला तसं पत्र लिहिणारा माणूस पगारवाढीच्या बाजूनं उभा राहिला, याचा विसंगती म्हणून जो उल्लेख होतो तो मला पटत नाही. सगळ्यांचं सुख मोजायचं तर त्या मोजणीत शिक्षक आणि त्याच्या घरची माणसंही येतात. आगरकर ‘माझंच मोजा’ म्हणत नव्हते, ‘माझंही मोजा’ म्हणत होते. नीतीच्या चर्चेत या दोन मागण्यांना एकच ‘स्वार्थ’ हे नाव मिळतं आणि निम्मा घोळ तिथं होतो.

टिळकांनी पुढं मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहिलं, ते 1915 मध्ये छापून आलं. त्याचं चौथं प्रकरण हा मराठीतला स्वार्थवादाचा पहिला मोठा झाडा. चार्वाकासारखे उघड स्वार्थी, मग हॉब्ज आणि हेल्वेशियस यांच्यासारखे दूरवरचं पाहणारे स्वार्थी, मग स्वार्थ-परार्थ दोन्हींना मान देणारे, अशी पायरी चढत टिळक एकेकाला बाजूला सारतात. क्रूर जनावरंसुद्धा पिलांसाठी जीव धोक्यात घालतात, तेव्हा परार्थ हा स्वार्थाचाच मुखवटा कशावरून, असं ते विचारतात. सगळं काही आपल्यासाठीच प्रिय असतं हे याज्ञवल्क्यही मैत्रेयीला सांगतो, हे त्यांना ठाऊक आहे. पण त्याचा ‘आपण’ कातडीच्या आत संपत नाही, तो सर्वांभूती एकच आहे, अशी त्यांची मांडणी. ही उडी ज्याला वेदान्त मान्य आहे त्यालाच जमते. बाकीच्यांचं काय, हा प्रश्न तसाच राहतो. याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीला जन्मलेल्या अंध गुलाबराव महाराजांनी टिळकांच्याही आधी स्पेन्सर-डार्विनांशी वेदान्ताच्या बाजूनं झुंज घेतली होती. वामन मल्हार जोश्यांचा ‘नीतिशास्त्रप्रवेश’ 1919 चा. आणि अमरावतीत तत्त्वज्ञान शिकवलेल्या दि. य. देशपांड्यांनी 1990 मध्ये नागपुरातून ‘आजचा सुधारक’ काढलं, तेव्हा आगरकरांचा धागा पुन्हा हाती घेतला : नीतीला धर्माचा टेकू न लावता विवेकावर उभं करता येतं का?

विवेकाच्या कसोटीवर स्वार्थवादाचं काय होतं? टीकाकारांनी त्याला तीन ठिकाणी पकडलं आहे. एक, तो जाहीरपणे सांगता येत नाही. सगळ्यांनी स्वतःचंच बघावं असा उपदेश स्वार्थवाद्यानं केला तर तो स्वतःलाच प्रतिस्पर्धी तयार करतो, त्याच्या हिताचं हे की बाकीच्यांनी परोपकारी राहावं. (पुस्तक खपलं आणि मानधन मिळालं, तर गोष्ट वेगळी.) दोन, तो भांडण सोडवत नाही. एकाच विहिरीवर हक्क सांगणारे दोन भाऊ सल्ला मागायला आले तर स्वार्थवाद दोघांनाही ‘दुसऱ्याला अडव’ म्हणेल आणि दोघांनाही तेच तुझं कर्तव्य म्हणेल. कुर्ट बायर या तत्त्वज्ञानं 1958 मध्ये हा आक्षेप घेतला. रँडचे अनुयायी म्हणतात, शहाण्या माणसांची खरी हितं एकमेकांना छेदतच नाहीत. हे ज्यांनी ओलिताची पाळी ठरवताना झालेली भांडणं पाहिली आहेत त्यांना सांगून पाहावं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. जेम्स रेचल्स या अमेरिकी प्राध्यापकानं तो मांडला : जग ‘मी’ आणि ‘बाकी सगळे’ असं दोन भागांत तोडून माझ्या भागाला जास्त वजन द्यायचं, तर माझ्यात असं वेगळं काय आहे ते दाखवायला हवं. दुखणं त्यालाही दुखतं, भूक त्यालाही लागते. फरक दाखवता येत नसेल तर हा भेदभाव जातीवरून किंवा कातडीच्या रंगावरून केलेल्या भेदभावाच्याच कुळातला. आठव्या शतकात शांतिदेवानं ‘बोधिचर्यावतारा’त हेच विचारलं होतं : दुःख दोघांना सारखंच नकोसं असेल, तर माझ्यात विशेष ते काय की मी फक्त माझंच राखावं? जातीचा अनुभव घेतलेल्या प्रदेशात हा युक्तिवाद पुस्तकी राहत नाही.

तरीही हेन्री सिजविकसारखा सावध माणूस 1874 मध्ये कबूल करून गेला की स्वतःचं हित आणि सर्वांचं हित हे दोन्ही विवेकाला सारखेच स्वयंसिद्ध वाटतात आणि त्यांची गाठ कशी घालावी हे सिद्ध करता येत नाही. ही गाठ अजून तशीच आहे. डेरेक पार्फिटनं 1984 मध्ये स्वार्थवाद्याला उलटा चिमटा काढला : दुसऱ्या माणसाची काळजी मी का करू असं विचारतोस, तर वीस वर्षांनंतरच्या ‘तू’ची काळजी आजच्या तुला का? कर्ज काढून लग्नं करणाऱ्या समाजाला हा प्रश्न विचारायची गरज नाही, तो जगून दाखवला जातो.

आणि इथं गाडगेबाबा पुन्हा आठवतात. हा निःस्वार्थी माणूस कीर्तनात लोकांना काय सांगत होता? कर्ज काढू नका. लग्नात पैसा उधळू नका. दारू पिऊ नका. देवापुढं जनावर कापू नका. पोरांना शाळेत घाला. म्हणजे, तुमचं स्वतःचं हित बघा! स्वतःला पूर्ण विसरलेला माणूस गोरगरिबांना स्वतःची आठवण करून देत होता. ‘आधी पोटोबा मग विठोबा’ ही म्हण शहाणे लोक नाक मुरडून म्हणतात. बाबांनी ती उपदेशाच्या पातळीवर नेली. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची सेवा हाच तुमचा धर्म म्हणून शिकवलं, त्यांच्या तोंडी स्वार्थ ही नीतीची पहिली पायरी असू शकते.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून हेच उघडं पाडलं. सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर ताशेरे सुरू झाले, तेव्हा त्या भडकून लिहित्या झाल्या. पतिव्रतेनं नवऱ्यासाठी सर्वस्व द्यायचं आणि नवऱ्यानं बायको मरताच दुसरी आणायची, या व्यवहाराला धर्म कोण म्हणतं? ज्याच्या फायद्याचा आहे तो. परार्थाचा उपदेश कोण करतं आणि पाळायचा कुणी, हे विचारल्याशिवाय परार्थाची स्तुती करू नये हा धडा त्यांनी दिला. जोतीराव फुल्यांनी त्यांची पाठराखण केली. नीतिशास्त्राच्या इतिहासांत या पुस्तकाला जागा मिळत नाही. ती मिळायला हवी.

शेतकऱ्याच्या बाबतीत तेच काम शरद जोश्यांनी केलं. अन्नदाता, बळीराजा, जगाचा पोशिंदा, या बिरुदांखाली त्याला स्वस्तात माल द्यायला लावायचं आणि भाव मागितला की आपमतलबी ठरवायचं, ही रीत त्यांनी मोडली. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही शेतकरी संघटनेची घोषणा सरळ स्वहिताची होती. तिच्यात लाजण्यासारखं काही नाही, हे लोकांना पटवायलाच निम्मी ताकद गेली असेल. 1972 पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी होती. कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा. बाहेर भाव जास्त असला की रात्री ट्रक मध्य प्रदेशाच्या वाटेला लागत, इथला हमीभाव जास्त असला की परराज्यातला कापूस उलटा आत येई. या दोन रहदाऱ्या कायद्याच्या दृष्टीनं सारख्याच. नीतीच्या दृष्टीनं? पहिल्यात स्वतःच्या घामाचा माल पडेल भावात देणं नाकारणारा होता. दुसऱ्यात सगळ्यांच्या पैशावर हात मारणारा व्यापारी. दोघांना एकाच ‘स्वार्थी’ या शब्दात बसवलं की विचार थांबतो.

याच शेतकरी संघटनेनं 10 जून 2019 रोजी अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला परवानगी नसलेली, तणनाशक सोसणारी एचटीबीटी कपाशी जाहीरपणे पेरली. निंदणाची मजुरी परवडत नाही, मजूर वेळेवर मिळत नाहीत, तंत्रज्ञान निवडायचं स्वातंत्र्य आमचं, ही भूमिका. या कपाशीबद्दल माझ्या मनात शंका आहेत. निंदणावर जगणाऱ्या बायांच्या रोजगाराचा हिशेब आंदोलकांच्या भाषणांत फारसा नव्हता. पण कृतीचा घाट पाहावा. तेच बियाणं कितीतरी वावरांत गुपचूप पेरलं जात होतं. गुपचूप पेरणाऱ्याच्या बोटात गायजीसची अंगठी होती. अकोली जहागीरच्या लोकांनी ती काढून ठेवली, पत्रकारांना बोलावलं, गुन्हे अंगावर घ्यायची तयारी ठेवली. आपलं हित चारचौघांत मांडून त्यावर निवाडा मागणारा माणूस स्वार्थवादी राहत नाही, तो कारणं देऊ लागलेला असतो.

उलट टोकालाही पाहायला हवं. अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांचं नाव गेली दोन दशकं शेतकरी आत्महत्यांशी जोडलं गेलं आहे. कर्ज, नापिकी, सगळी कारणं आहेतच. पण आपण घरच्यांवर ओझं झालो आहोत, ही भावना जिथं घर करते तिथं स्वतःला शून्य धरणारी नीती किती घातक ठरते हे दिसतं. तिथं कुणीतरी सांगायला हवं असतं की बाबा, हिशेबात तुझंही नाव आहे.

मग धाकट्या पुडीवाल्या कास्तकाराला दोष द्यायचा की नाही? थोडा. सगळा त्याच्या माथी मारणं अन्याय आहे. पुडीतलं साधं बियाणं अनेकदा सुमार असे. लांब मुदतीचे संकरित वाण बाजारात आणले ते कंपन्यांनी. डिसेंबरनंतर पऱ्हाटी उपटायची सोडून पाणी देऊन फरदड घ्यायची, म्हणजे अळीला उन्हाळ्यापर्यंत घर मिळतं. पण त्या दोन-चार क्विंटलांवर एखाद्याच्या घरचा किराणा भागत असतो. जिनिंगांत पडून राहिलेल्या कापसातून पतंग निघत राहिले, त्याचा जाब कुणी कुणाला विचारला?

चीनमध्ये यांगत्से खोऱ्यात उलटं घडलं. तिथं संकरित बीटीच्या दुसऱ्या पिढीचं बियाणं खपू लागलं. आनुवंशिकतेच्या नियमानं त्यात सुमारे पाव हिस्सा झाडं बीटी नसलेली निघतात. म्हणजे कुणीही त्याग न करता प्रत्येक वावरात साधी कपाशी आपोआप पेरली गेली, आणि गुलाबी बोंडअळीचा वाढू लागलेला प्रतिकार मागे हटला. याबद्दलचं संशोधन 2017 मध्ये प्रसिद्ध झालं, नेमकं विदर्भ अळीनं हैराण असताना. स्मिथला हे ऐकून आनंद झाला असता. आपल्याकडे नंतर साधं बियाणं बीटीतच मिसळून एकाच पाकिटात देण्याची पद्धत आली, म्हणजे निवडीचा प्रश्नच काढून टाकला. माणूस बदलत नसेल तर पाकीट बदला, हा हॉब्जचा तोडगा झाला. अळीपुरता तो चालतो. सगळ्याच गोष्टी पाकिटात मिसळता येत नाहीत.

गॅरेट हार्डिननं 1968 मध्ये सामाईक कुरणाची गोष्ट सांगितली : प्रत्येकजण एक जनावर जास्त सोडतो आणि कुरण उजाड होतं. आपल्या गावांतल्या ई-क्लास गायरानांची अवस्था पाहून ती खरी वाटते. पण एलिनॉर ऑस्ट्रॉमनं 1990 च्या पुस्तकात जगभरची उदाहरणं गोळा करून दाखवलं, की लोक स्वतः नियम करतात, पाळतात, मोडणाऱ्याला दंड करतात. 2009 मध्ये तिला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अमरावती जिल्ह्यातलं पायविहीर हे तिच्या पुस्तकात शोभलं असतं. 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर गावानं उजाड रान राखलं, सीताफळं एकत्र विकली, 2014 मध्ये जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. तिथले लोक संत झाले असं नाही. सीताफळाचे पैसे गावात येतात आणि रखवाली कोण चुकवतो हे सगळ्यांना दिसतं, एवढं पुरेसं झालं.

वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात कोण चुकवतो ते दिसत नाही. पाणी जमिनीखाली आहे. शेजाऱ्यानं बोअर किती खोल नेला हे आवाजावरून कळतं, पाणी कुणाचं ओढलं हे कळत नाही. अंगठी इथं सगळ्यांच्याच बोटात आहे. अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी साठ मीटरपेक्षा खोल विहीर घेऊ नये असा भूजल कायदा आहे, आणि बोअर त्याच्या कितीतरी खाली गेले आहेत. संत्र्याचं झाड वीस-पंचवीस वर्षांचं, म्हणून बागवाला दूरचं पाहणाराच असतो. तरी त्याची दूरदृष्टी त्याला आणखी खोल बोअर घ्यायलाच सांगते, कारण आपण थांबलो तर पाणी शेजारी नेणार. अटल भूजल योजनेत गावानं पाण्याचा ताळेबंद मांडून तो ग्रामसभेपुढे ठेवायचा आहे. पाऊस किती, मुरलं किती, बागांनी उपसलं किती. ताळेबंद मांडताना भांडणं होतात, व्हायलाच हवीत, कारण प्रत्येक बोअरवाला आपला आकडा कमी सांगतो. ज्याच्याकडे बोअरही नाही आणि बागही नाही त्या मजुराच्या घरचं पिण्याचं पाणी कागदावर पहिल्या रकान्यात असतं. ते सभेत मोठ्यानं वाचून दाखवलं जातं का, आणि वाचल्यावर बागवाल्यांपैकी कोण उठून बोलतो, हे त्या त्या गावात जाऊन ऐकण्यासारखं आहे.